पाढे पाठ, विचार सपाट

मंडळाच्या वार्षिकोत्सवात पाढे-पाठांतराची स्पर्धा असते. सात-आठ वर्षांचे मूल व्यासपीठावर येऊन दिडकी, अडीचकी घडाघडा म्हणते आणि आम्हा वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावतात. परप्रांतात चार-पाच पिढ्या काढूनही पावकी-निमकी जिभेवर टिकली, हा आनंद खोटा नव्हे. पाढे हे उत्तम हत्यार आहे, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु हत्यार परजून कोनाड्यात ठेवायचे आणि त्यालाच गणिताचा संस्कार म्हणायचे, या रूढीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

याऐवजी मुलांपुढे एक कोडे ठेवून पाहावे. एकापासूनच्या लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून कोणकोणत्या संख्या मिळतात? ९ म्हणजे ४ + ५. तसेच २ + ३ + ४. १५ तर तीन प्रकारे मिळते. ८ मात्र काही केल्या मिळत नाही. १, २, ४, ८, १६ याच संख्या का निसटतात? मूल आधी चाचपडते, मग यादी करते, अंदाज बांधते आणि शेवटी तो अंदाज इतरांना पटवून देऊ लागते. एखादे चौकस मूल 'शून्य चालेल का?' असे विचारील आणि ० + १ मांडून १ ला यादीतून सोडवील. नियम बदलला की उत्तर बदलते, हा मोठा धडा त्याला आपोआप मिळतो.

'हे करमणुकीचे खेळ. परीक्षेत याला गुण कोठले?' असा आक्षेप येईलच. देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. कापरेकर असेच खेळ आयुष्यभर खेळले. ३५२४ घ्या. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा : ५४३२ – २३४५ = ३०८७. पुन्हा तेच करा : ८३५२. आणखी एकदा : ६१७४. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथेच पोहोचते. १९४९ साली त्यांनी दाखविलेला हा स्थिरांक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. तीन अंकी संख्यांचे काय होते, हे नातवंडांनाच शोधू द्यावे.

प्रश्न केवळ गणिताचा नाही. आमची नातवंडे गुजराती, हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरची मराठी 'जेवलास का?' आणि 'लवकर ये' एवढ्यापुरती उरत चालली आहे. अडीचकी म्हणताना मूल मराठी उच्चारते. मराठीत विचार करीत नाही. 'कारण', 'म्हणून', 'जर-तर' हे शब्द त्याला वाद घालतानाच लागतात. ज्या भाषेत मुलाला वाद घालता येतो, तीच त्याची भाषा होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुढील वार्षिकोत्सवात पाढ्यांच्या जोडीला एका मोकळ्या कोड्यासाठी अर्धा तास ठेवावा. बक्षीस वेगाला न देता कारण स्पष्ट सांगणाऱ्यास द्यावे, मग त्याचे उत्तर अर्धवट का असेना. आणि वडीलधाऱ्यांनी तेवढा वेळ उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. आम्हांस तेच सर्वांत अवघड जाईल.