शून्य त्रुटी आणि आपण

व्हर्निअर कॅलिपरचे जबडे मिटले असता शून्याची खूण शून्यावर आली नाही, तर त्यात शून्य त्रुटी आहे असे आपण म्हणतो. असे उपकरण चुकीचे माप दाखवते. पण म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही. माणसाच्या मेंदूच्या बाबतीत मात्र आपण एवढा समंजसपणा दाखवत नाही.

धसईकडचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. अकरावीत हुशार. बारावीत तो मागच्या बाकावर एकटा बसू लागला, वह्या कोऱ्या राहू लागल्या. एके दिवशी तो म्हणाला, "सर, एसटीतली सगळी माणसं माझ्याविषयीच बोलतात." मी त्याला दरडावले, "अभ्यास टाळायला निमित्तं सांगू नकोस." घरच्यांनी बाहेरची बाधा समजून त्याला भगताकडे नेले. योग्य निदान व्हायला दीड वर्ष गेले. भगताला दोष देणे सोपे आहे. पण विज्ञान शिकवणाऱ्या मलाही ते ओळखता आले नाही, याची मला अधिक लाज वाटते.

या आजाराला स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता म्हणतात. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव रूढ केले. एका देहात दोन माणसे, असा त्याचा अर्थ नव्हे. विचार, भावना आणि वर्तन यांची सांगड सुटते, असा आहे. रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी त्याची पक्की समजूत होते. आवाज ऐकू येत असताना मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा भाषेशी संबंधित भाग कार्यरत झालेले आढळले. म्हणजे रुग्ण सोंग करत नाही. कॅलिपरची त्रुटी बाहेरून पाहता येते. इथे मात्र बिघडलेले उपकरण आणि निरीक्षक एकच! म्हणूनच ती त्रुटी भोवतालच्यांनी ओळखायला हवी.

जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. तो बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. तेराव्या वर्षापूर्वी तो फारच विरळा. लहान मूल काल्पनिक मित्राशी गप्पा मारते तो आजार नव्हे. आनुवंशिकता आणि मेंदूतील डोपामिनसारख्या रसायनांतील बदल यांचा त्यात वाटा असतो. आईच्या लाडाचा किंवा मागच्या जन्मीच्या पापाचा नसतो. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आले आणि उपचारांचे चित्र पालटले. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितके सुधारण्याची शक्यता अधिक.

आपण शाळेत हिवताप शिकतो, क्षय शिकतो. पण विद्यार्थ्यांच्याच वयाच्या उंबरठ्यावर येणारा हा आजार शिकत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून धसईचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. पैशांची नवी रीत जे गाव शिकू शकते, ते हेही शिकू शकेल. माझे स्पष्ट मत असे, की हा पाठ नववी-दहावीत यावा, आणि तोवर शिक्षकांनी तो आपणहून घ्यावा. २००४ चा 'देवराई' हा मराठी चित्रपट दाखवूनही सुरुवात करता येईल.

नवस फेडायचा असेल तर घरच्यांनी जरूर फेडावा. पण डॉक्टरांना थांबवून नव्हे. धसईहून मुरबाड, तिथून कल्याण आणि मग ठाण्याचे मनोरुग्णालय, ही वाट गरिबाला लांबची आहे. निदान १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर तरी विचारता येते.

तो मुलगा आज औषधे घेतो आणि वडिलांबरोबर भातशेती पाहतो. भेटला की हसतो. त्याची गेलेली दीड वर्षे मी परत देऊ शकत नाही. तुमच्या वर्गात कोणी असाच मागच्या बाकावर सरकू लागला, तर त्याला 'वेडा' म्हणू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि गुरुजींना सांगा.