कुलूप माझं, किल्ली कुणाकडे?

सुट्टी लागली म्हणून लेकाची खेळायची वेळ वाढवायला कॉम्प्युटर उघडला, तर पासवर्डच आठवेना! मर्यादा घातलेली मीच. चिरंजीव म्हणाले, ‘आई, मोबाईल दे, मी करतो.’ दिला. दोन मिनिटांत काम झालं, आणि नवा पासवर्ड त्याच्या डोक्यात!

चूक माझीच. विंडोज १० आणि ११ मध्ये हे कुलूप आईच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला लागलेलं असतं. पासवर्ड विसरला तर खात्याला जोडलेल्या मोबाईलवर किंवा ई-मेलवर कोड येतो, तो टाकून नवा पासवर्ड करता येतो. म्हणजे तो कोड हीच खरी किल्ली. खातंच मुलानं उघडून दिलेलं, नंबरही त्याचाच जोडलेला असेल तर बघायलाच नको! आणि आपल्यापैकी कितीजणींचं तसंच असतं.

मैत्रिणींनो, पासवर्ड तोडून देणारी फुकटची सॉफ्टवेअर्स उतरवून घेऊ नका, त्यातून व्हायरस यायचा. आणि ‘मला नाही बाई त्यातलं कळत’ म्हणून मोबाईल पुढेही करू नका.

रात्री मीच बसले. पासवर्ड बदलला, वहीत लिहिला, वही कपाटात ठेवली. मग लेकाला बोलावून किती तास खेळायचं ते दोघांनी ठरवलं. थोडं भांडण झालंच.