टीव्हीवरचे फिरते चाक

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या पुतण्याचा निकाह दुबईला झाला. व्हिसा, तिकिटे आणि अम्मींचे गुडघे यांचा हिशेब करून आम्ही घरीच राहिलो. पुतण्या म्हणाला, "काळजी करू नका, मी लाइव्ह लिंक पाठवतो. दादींना मोठ्या टीव्हीवर दाखवा." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही अम्मींना मोबाइलच्या पडद्यावरचे चेहरे नीट ओळखू येत नाहीत, म्हणून टीव्हीच बरा, असे आम्हालाही वाटले.

निकाह तिकडे मगरिबनंतर होता. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ. अम्मी सात वाजल्यापासून नवा दुपट्टा घेऊन माजघरात खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारच्या दोन चाच्याही आल्या होत्या. पडद्यावर मंडप दिसला, पुतण्या दिसला, काझीसाहेबांनी बोलायला सुरुवात केली आणि चित्र थांबले. मधोमध ते गोल चाक फिरू लागले. पाच सेकंद चित्र, वीस सेकंद चाक. आमची धाकटी मुलगी ओट्यावर मोबाइल डेटावर तीच लिंक बघत होती. ती धावत आत आली आणि म्हणाली, "दादी, भाईजान कुबूल है बोलले!" अम्मींनी टीव्हीकडे पाहिले. तिथे काझीसाहेब अजून तोंड उघडून थांबलेले होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने पूर्ण व्हिडिओ पाठवला. तो न अडकता चालला. अम्मींनी एकदा पाहिला, दुआ केली आणि म्हणाल्या, "तुझे अब्बा कुवेतला होते तेव्हा त्यांच्या कॅसेटी यायच्या. कुणी गावाला आलं की त्याच्या हाती. त्यातलं सगळं होऊन गेलेलं असायचं. हे मला होताना बघायचं होतं."

हे वाक्य आम्हाला लागले. आखाती देशांत ज्यांची मुले, भाऊ, नवरे आहेत अशा घरांत टीव्ही आता नुसता मालिकांचा राहिलेला नाही. म्हणून त्यानंतरच्या दोन महिन्यांत आम्ही जे केले, जे चुकलो आणि जे शिकलो, ते या वेळी सांगतो.

आधी दोष कुठे आहे ते बघा

आमची पहिली चूक म्हणजे आम्ही आधी पैसे वाढवले. ५० एमबीपीएसची योजना होती, ती १०० ची केली. चाक तसेच फिरत राहिले. तेव्हा कुठे डोके चालवले. मोबाइल वायफायला जोडून राउटरपासून दोन हातांवर उभे राहून वेग मोजला, तो ९२ आला. मग तोच मोबाइल टीव्हीजवळ नेऊन मोजला, तर ४. म्हणजे बाहेरून पाणी भरपूर येत होते, घरातल्या घरात गळत होते.

हीच तपासणी तुम्हीही आधी करा. वेग मोजणारी साइट किंवा ॲप मोफत मिळते. राउटरजवळच वेग कमी असेल, तर कंपनीकडे तक्रार करा. राउटरजवळ चांगला आणि टीव्हीजवळ कमी असेल, तर योजना वाढवून एक रुपयाचाही फायदा नाही.

लागतो तरी किती वेग? नेटफ्लिक्स फुल एचडी चित्रासाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगते. यूट्यूब फोर-केसाठी २० सांगते. म्हणजे साध्या एचडी टीव्हीला ८-१० एमबीपीएस सतत मिळाले तरी पुष्कळ. 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. चित्रपट बघताना टीव्ही पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे मध्ये वेग पडला तरी कळत नाही. लाइव्हमध्ये पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो, साठवणार काय? जेमतेम काही सेकंदांचा साठा असतो. म्हणूनच रोजच्या मालिका नीट दिसणाऱ्या घरातही ऐन निकाहच्या वेळी चाक फिरते.

राउटरची जागा

आमचे घर जुने, चिऱ्याचे. भिंती दीड फूट जाडीच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या. वायर लावायला आलेल्या मुलाने पडवीच्या खिडकीतून वायर आत घेतली आणि जवळच्या लोखंडी कपाटामागे राउटर ठेवून दिला. दिसायला व्यवस्थित. पण टीव्ही दोन भिंती पलीकडे, आणि मध्ये कपाट.

वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी. लोखंड त्यांना परतवते, जाड आणि ओली भिंत त्यांना शोषते. आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, माशांची काचपेटी हे सगळे आडवे येते. राउटर उघड्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर आणि शक्य तितका घराच्या मध्यावर हवा. आम्ही वायर लांब करून घेतली आणि राउटर पडवी व माजघर यांच्यामधल्या दाराच्या वर लावला, म्हणजे दारातून वाट मोकळी मिळाली. टीव्हीजवळचा वेग एवढ्याने ४ वरून १९ झाला. खर्च वायरीचा आणि दोन खिळ्यांचा.

एक सूचना: फायबरची वायर घडी घालून किंवा काटकोनात दाबून वाकवू नका. आत काचेचा धागा असतो. ती हलवायची असेल तर कंपनीच्या माणसालाच बोलवा.

दोन पट्टे

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा पट्टा लांब जातो, भिंतही बरी ओलांडतो, पण त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथ, सगळे तिथेच. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे स्वयंपाकघरात जेवण गरम होताना बाहेर चित्र अडकू शकते. ५ चा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे लवकर थकतो.

साधा नियम असा: टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा मध्ये एकच साधी भिंत असेल, तर ५ वापरा. लांब असेल, तर २.४ वापरा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत कमी गर्दीचा निवडा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली, तर टीव्ही कशावर आहे ते कळते.

काही टीव्ही आणि स्टिक सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये दाखवतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत काम भागते, उणे ८० म्हणजे आशा सोडा.

टीव्हीमागची स्टिक

टीव्हीत थेट खुपसलेली स्टिक टीव्हीच्याच पाठीमागे दडते. सोबत एचडीएमआयची छोटी जोडवायर मिळते, ती आम्ही डब्यातच ठेवली होती. ती लावून स्टिक थोडी बाहेर काढा. दुसरे, स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या ॲडॉप्टरमधूनच द्या. टीव्हीच्या यूएसबीतून पुरेशी वीज मिळेलच असे नाही, मग ती मध्येच बंद पडते आणि दोष वायफायला जातो.

वायरीला तोड नाही

टीव्ही जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून कशाला पाजायचे? राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाकता येत असेल, तर बाकी सगळे विसरा. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. अनेक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते, तेही गरजेच्या कितीतरी पट आहे. स्टिक असेल तर तिचे लॅन ॲडॉप्टर वेगळे घ्यावे लागते. आम्ही शेवटी हेच केले. छपराखालच्या वाशाच्या कडेने केबल नेली. टीव्हीला आता भिंतीची फिकीर नाही.

केबल शक्य नसेल तर मेश किंवा रिपीटर घ्या, पण तो टीव्हीच्या शेजारी ठेवू नका. जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा अर्ध्या वाटेवर ठेवा. त्याला स्वतःलाच नीट ऐकू आले नाही, तर तो पुढे काय सांगणार? स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो, हे धरून चला.

ऐन दिवशी

घरात शुभकार्याचे थेट प्रक्षेपण बघायचे असेल, तर आदल्या दिवशी एकदा चालवून बघा, आणि तेही त्याच वेळेला. रात्री आठला सगळी आळी नेटवर असते, दुपारच्या तपासणीवर विसंबू नका. राउटर आणि स्टिक एकदा बंद करून चालू करा. मुलांचे डाउनलोड, गेमचे अपडेट, फोटोंचे बॅकअप तासभर थांबवा. चित्र अडकलेच तर दर्जा ७२० वर आणा, चेहरे तेवढ्यावरही ओळखू येतात. राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घ्या, कारण लाइट गेल्यावर तो पुन्हा उभा राहायला काही मिनिटे घेतो. आणि एका मोबाइलचा हॉटस्पॉट टीव्हीला आधीच जोडून बघून ठेवा. त्या रात्री धाकटीच्या मोबाइलवर सगळे नीट चालले होते. आमच्यापैकी कुणाला हे सुचले असते, तर अम्मींनी ते दोन शब्द ऐकले असते.

तिकडच्या मंडळींनाही सांगा: सभागृहाच्या वायफायवर विसंबू नका, मोबाइल तिपाईवर ठेवा आणि चार्जर लावा. पाठवणाऱ्याची लाइन कच्ची असेल, तर आपण इथे काहीही करून उपयोग नाही.

गेल्या महिन्यात त्याच पुतण्याच्या मुलीचा अकीका झाला. अम्मी पुन्हा सात वाजल्यापासून खुर्चीवर. बाळाला कॅमेऱ्यासमोर आणले, नाव सांगितले, आणि बाळ जोरात रडले. अम्मी पुढे झुकून म्हणाल्या, "अगं, तिला भूक लागली असेल, आधी दूध पाजा!" तिकडे दुबईत त्यांचे बोलणे ऐकू जाणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. पण सगळे आत्ता घडत होते, म्हणून त्या बोलल्या.

तुमच्या घरी टीव्ही कुठे अडतो ते आम्हाला लिहून कळवा. लिहिताना राउटरजवळचा आणि टीव्हीजवळचा, असे दोन्ही आकडे लिहा. निम्मे उत्तर त्यातच असते.