येते हं!

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीची धाकटी बहीण कॉफी प्यायला भेटली. जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा पास, एक्स्चेंज प्रोग्रॅमला सिलेक्शन, डोळ्यांत चेरी ब्लॉसम. हातात प्रश्नांची यादी. अ‍ॅडॉप्टर कुठला घ्यायचा? भाजणी किती किलो न्यायची? सायकल तिथे घ्यावी की भाड्याने? मी सीनियरच्या थाटात धडाधड उत्तरं दिली. मग शेवटी तिने सहज विचारलं, "आणि होस्ट फॅमिलीत काय काय लक्षात ठेवायचं असतं गं?"

मी जरा गप्पच झाले. मग म्हटलं, "टबचं बूच काढायचं नाही."

तर मंडळी, ही बुचाची गोष्ट २०१८ च्या एप्रिलमधली. मी एकवीस वर्षांची, मास कॉमची डिग्री जेमतेम संपत आलेली, आणि सहा महिन्यांसाठी मुक्काम पोस्ट ओकायामा. पुणेकरांनो, सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवतंय ना? हिरवळीवर पाय ठेवला की वॉचमनची शिट्टी वाजते ते? ते ज्या बागेवरून बेतलंय ती कोराकुएन बाग याच ओकायामात आहे. सन १७०० मध्ये पूर्ण झालेली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. आणि आपल्या बागेला नाव मिळालं ते 'पूर्वरंग'मध्ये जपानबद्दल लिहिणाऱ्या पुलंचं. त्यामुळे मी विमानात बसले ती 'आपल्याच गावाला तर चाललोय' अशा थाटात. हा थाट पहिल्याच संध्याकाळी वाहून गेला. अक्षरशः!

माझ्या घरात तिघं होती. ओकासान म्हणजे आई, ओतोसान म्हणजे बाबा, आणि पंधरा वर्षांचा मुलगा, जो पहिले दोन महिने माझ्याशी फक्त मान हलवून बोलला. गेल्या गेल्या ओकासाननी घराचा दौरा घडवला. दाराच्या आत पण एक पायरी खाली 'गेनकान'. तिथे बूट काढायचे, त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची. मग घरातल्या सपाता. टॉयलेटच्या सपाता वेगळ्या. तातामीच्या खोलीत सपाता अजिबात नाहीत. मी टॉयलेटच्या सपाता घालून थेट हॉलमध्ये आलेय हे मला त्या पोराच्या चेहऱ्यावरून कळलं.

आणि मग ओफुरो. भिंतीवरच्या पॅनलमधून एक बाई गोड आवाजात सांगते की अंघोळीचं पाणी तापलं. पाहुणी म्हणून पहिला मान माझा. बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ धुऊन घ्यायचं आणि मग टबात शिरायचं, हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं. मी अगदी तस्संच केलं. बेचाळीस डिग्रीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसले, प्रवासाचा शीण गेला, आयुष्य सुंदर वाटलं. बाहेर आले आणि आईचे संस्कार जागे झाले. आपण वापरलेलं पाणी दुसऱ्यासाठी कसं ठेवायचं? बूच ओढलं. टब घासून लख्ख केला. वर कौतुकाची वाट बघत बाहेर आले.

ते दोनेकशे लिटर पाणी अख्ख्या घराचं होतं. माझ्यानंतर ओतोसान, मग मुलगा, शेवटी ओकासान. आणि सकाळी उरलेलं पाणी पंपाच्या नळीने वॉशिंग मशीनमध्ये. म्हणून तर आधी धुऊन घ्यायचं, आणि निघताना टबावर झाकण घालायचं! ओकासान म्हणाल्या, "अरे वा, किती छान घासलंयस." पुन्हा बटण दाबलं. ओतोसान पायजम्यावर अर्धा तास बेसबॉल बघत बसले. मला खरा प्रकार कळला तो चार दिवसांनी, कॉलेजमधल्या एका तैवानी मुलीकडून. तिनेही बूच काढलं होतं.

जेवणाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. मी अंडं खाते, मासे-मटण नाही. माझ्या मते हे सोपं होतं. पण जपानी स्वयंपाकात मासा दिसतो तेव्हा तो कमी धोक्याचा असतो. तो 'दाशी'त असतो, म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाच्या पातळ कापट्यांच्या पाण्यात. आणि दाशी मिसो सूपमध्ये, भाज्यांमध्ये, आमलेटमध्ये, सगळीकडे. 'भारतातली मुलगी येणार' म्हणून ओकासाननी पहिल्या दिवशी खास करी केली. ती करीची तयार वडी, तिच्यात चरबी. त्यांनी भिंग घेऊन पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली आणि करी शांतपणे बाजूला ठेवली. पुढच्या आठवड्यापासून कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम रात्रभर भिजत पडायला लागले. त्या पाण्याची दाशी. तिघांसाठी वेगळी आणि माझ्यासाठी वेगळी असा खटाटोप महिनाभर चालला. मग एक दिवस ओतोसान म्हणाले, हीच बरी लागते की. त्यानंतर सगळ्यांची एकच.

आता पाटीबद्दल. किचनमध्ये फ्रिजवर एक छोटी पांढरी पाटी होती. चार नावं, प्रत्येकासमोर आठवड्याचे सात रकाने. रात्री घरी जेवणार असलात तर गोल, नसलात तर फुली. माझं नाव काताकाना लिपीत, त्यातला 'ल' रीतसर 'र' झालेला. पहिल्या सोमवारी मी मोठ्या झोकात टिक केली आणि कॉलेजला गेले. रात्री टेबलावर तीनच ताटं! जपानी शाळेत मास्तर बरोबर उत्तराला गोल करतात, आणि टिक म्हणजे चुकलं. माझ्यापेक्षा ओकासानच जास्त ओशाळल्या. आपल्या वाटणीचं तोफू त्यांनी माझ्यापुढे सरकवलं.

हे सगळं मजेचं. यापुढचं तितकंसं नाही.

मे महिन्यात मला मित्रमंडळी मिळाली. कॉलेज सुटलं की कोणाच्या तरी खोलीवर नूडल्स, नाहीतर कराओके. पाटीवर गोल केलेला असायचा आणि मी साडेअकराला उगवायचे. टेबलावर माझं ताट प्लास्टिकच्या पातळ कागदाखाली झाकलेलं. ओकासान शेजारी इस्त्री करत बसलेल्या. "ओकाएरी," म्हणायच्या. आलीस का, बरं झालं, एवढाच त्याचा अर्थ. पुढे काही नाही. आमच्या घरी असतं तर? जिन्यातच सुरुवात झाली असती आणि शेजारच्या काकूंनाही किती वाजलेत ते कळलं असतं! मला वाटलं, काय कूल आई मिळालीय यार. असं मी चार-पाच वेळा केलं.

मग विद्यापीठाच्या आमच्या को-ऑर्डिनेटर बाईंनी एक दिवस बोलावून घेतलं. अतिशय हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या ओकासान विचारत होत्या, की आपला स्वयंपाक तुम्हाला आवडत नाही का?"

त्या दिवशी मी ट्रामने घरी न जाता चालत गेले. वाटेत पीचची एक पेटी घेतली. चार पीच, सोळाशे येन, म्हणजे तेव्हाचे जवळपास हजार रुपये. ओकायामाचे पांढरे पीच प्रसिद्ध आहेत आणि ते महाग का असतात ते तेव्हा कळलं. मी पाठ केलेली माफी सुरू केली. ओकासाननी ती मध्येच थांबवली आणि पीच सोलायला घेतला. विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

६ जुलै २०१८, शुक्रवार. दोन दिवस धो धो पाऊस. मुंबई-पुण्याच्या पोरीला पावसाचं काय कौतुक? त्या दिवशी पाटीवर माझा गोल होता. संध्याकाळी मैत्रिणीच्या हॉस्टेलवर गेले, फोनची बॅटरी संपली, चार्जर घरी. आठच्या सुमारास तिथल्या सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडायला लागले. अतिवृष्टीचा सर्वांत वरचा इशारा, ओकायामाच्या वाट्याला पहिल्यांदाच आलेला. जपानी मुली गंभीर झाल्या, आम्ही परदेशी मुलींनी 'थांबेल' म्हणून चहा टाकला. दहानंतर मी सायकल काढली. रस्त्यात पाणी, ओढा काठोकाठ. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस रेनकोट घालून टॉर्च घेऊन उभा. ओतोसान. किती वेळ उभे होते, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझ्या हातातून सायकल घेतली आणि पुढे चालायला लागले.

दारात ओकासान होत्या. या वेळी "ओकाएरी" म्हणताना आवाज फाटला. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि पहिल्यांदाच रागावल्या. काय बोलल्या त्यातलं निम्मं ओकायामाच्या बोलीत होतं, मला कळलं नाही. पण सूर? तो ओळखीचा होता. आमच्या जिन्यातला.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर शेजारच्या कुराशिकी शहरातला माबी भाग दिसला. ओदा नदीचे बांध फुटले होते. काही ठिकाणी पाणी पाच मीटरच्या वर. छपरांवर माणसं, आणि खाली बोटी. एकट्या माबीत पन्नासहून जास्त जीव गेले, पश्चिम जपानमध्ये सगळे मिळून दोनशेच्या वर. त्यात बरेचसे म्हातारे होते. ओकासानची मोठी बहीण माबीतच राहायची. आदल्या रात्री ती वरच्या मजल्यावर अडकलेली, तिचा फोन लागत नव्हता, आणि इकडे माझाही. एका बाईने कुठल्या फोनची वाट बघायची?

बहीण वाचली, बोटीने. दहा दिवसांनी आम्ही तिचं घर साफ करायला गेलो. पाऊस गेला होता आणि पस्तीस डिग्रीचं ऊन. तातामी पाणी पिऊन इतक्या जड झालेल्या की एक उचलायला चौघं लागत. तो अबोल पोरगा आणि मी दिवसभर चिखल ओढला. ओकासान आणि त्यांची बहीण अंगणात बादल्यांमध्ये जुने फोटो धुवत बसल्या होत्या. रंग निघू नये म्हणून बोटाच्या टोकाने, हलक्या हाताने. घरी येताना पोरगा मला म्हणाला, "तू बरीच ताकदवान आहेस." आमचं ते पहिलं संभाषण.

त्यानंतर माझी पाटी चुकली नाही. उशीर होणार असेल तर मेसेज. ओकासान उत्तरादाखल एका अस्वलाचं स्टिकर पाठवायच्या.

सप्टेंबरात निघताना गेनकानमध्ये बूट घालत होते. आमची आजी बजावायची, बाहेर पडताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं. जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो "इत्तेकिमास", म्हणजे जाऊन येते. घरातला म्हणतो "इत्तेरास्शाई", जाऊन ये. कायमचं निघतानाचा शब्द 'सायोनारा' आपण सिनेमातून शिकतो, पण घरच्यांना तो कोणी म्हणत नाही. मी इत्तेकिमास म्हटलं. ओतोसाननी डबा हातात दिला. त्यात बरोबरची भाताची मूद, आत उमेबोशी, आणि शेजारी सॉसची एक बाटली, कारण विमानातलं जेवण मला बेचव लागेल अशी त्यांना खात्री होती. (बाटली सिक्युरिटीने काढून घेतली. असो.)

मी येईन म्हटलं होतं खरं. मग नोकरी, मग नोकरी सोडणं, मग २०२०. जपानने दारं लावून घेतली. २०२१ च्या फेब्रुवारीत ओतोसान गेले. कोविड नाही, पोटाचा कॅन्सर. अस्वलाचं स्टिकर नसलेला ओकासानचा तो एकमेव मेसेज. एकेकट्या पर्यटकांसाठी सीमा उघडल्या ११ ऑक्टोबर २०२२ ला, आणि फ्रीलान्सरच्या खात्यात तिकिटाचे पैसे जमेपर्यंत २०२३ चा नोव्हेंबर उजाडला.

गेनकानमध्ये उभी राहून मी "तादाइमा" म्हटलं. आले. पाच वर्षं उशिरा. "ओकाएरी," आतून आवाज आला, आणि पाठोपाठ, "आधी अंघोळ कर, पाणी तापलंय." मी बुत्सुदानसमोर बसले, घंटी वाजवली, उदबत्ती लावली. फोटोत ओतोसान कोराकुएनमध्ये डोळे बारीक करून उभे. पुढे छोट्या वाटीत गरम भात. रोज पहिला भात त्यांना.

किचनमध्ये पाटी तशीच होती. मुलगा ओसाकाला नोकरीला, त्याच्या रकान्यांत ओळीने फुल्या. ओतोसानच्या नावापुढे सातही दिवस गोल. आणि खाली काताकानात, 'र'वालं माझं नाव. शाई ताजी दिसत होती.

मी चार दिवस राहिले. चार गोल केले. पाचव्या दिवशी सकाळी बॅग दाराशी लावून मी पाटीवर फुली मारायला मार्कर उचलला. ओकासाननी तो माझ्या हातातून काढून घेतला, टोपण लावलं आणि खणात ठेवून दिला.

"राहू दे रिकामं," म्हणाल्या. "पुढचं कोणी सांगितलंय."

गेनकानमध्ये माझ्या बुटांची टोकं कोणीतरी आधीच दाराकडे वळवून ठेवली होती.