पोढी खोदून गेलेला पाहुणा

जपानचा विषय निघाला की आपल्या घरांत शिस्त, स्वच्छता आणि वेळेवर सुटणारी आगगाडी या तीन गोष्टींचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. अलीकडे मात्र जपान पाहून आलेल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात एक चौथी गोष्ट येऊ लागली आहे. ती म्हणजे तेथील डोंगरांतल्या लहानशा गावांची शांतता. टोकियो, क्योटो आटोपून ही मंडळी लाकडी घरांच्या एखाद्या गावी दोन रात्री राहतात आणि परतल्यावर हळहळतात, "असे काही आपल्याकडे का नाही?"

प्रश्न प्रामाणिक असतो. विचारणारा कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर डिंगोरे येथे कधी एस.टी.तून उतरलेला नसतो, एवढेच.

ओतूर सोडून माळशेजच्या दिशेने निघाले की हे गाव लागते. दक्षिणेला गणेशखिंड ओलांडली की जुन्नर. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग. पूर्वेकडे कांद्याच्या बराखी आणि भाजीपाला, पश्चिमेकडे भाताची खाचरे, अशा दोन मुलुखांच्या सांध्यावरचा हा टापू आहे. घाटात धबधबे पाहायला निघालेली मोटार येथून इतक्या वेगाने जाते की तिच्यातल्यांना पाटीवरचे नावही वाचता येत नसावे. भाद्रपदातल्या एका सकाळी मी येथे रेंगाळलो होतो. ऊन-पावसाचा खेळ चालू होता आणि समोरचा डोंगर मिनिटामिनिटाला दिसत-लपत होता. एका आजींनी "कुणाकडं आलात?" असे विचारले. कुणाकडे नाही, सहज आलो, हे उत्तर त्यांच्या पचनी पडले नाही. ज्याचे गावात कोणी नाही, असा माणूस गावात यावा कशाला? त्या प्रश्नात पर्यटनशास्त्राचा एक अख्खा धडा आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

जपानच्या किसो खोऱ्यातील त्सुमागो हे गाव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. क्योटोहून एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, डोंगरांतून जाणाऱ्या नाकासेंदो या जुन्या राजमार्गावर ६९ मुक्काम होते. त्सुमागो त्यांतला बेचाळिसावा. पुढे आगगाडी आणि नवे रस्ते त्याला वगळून गेले. उत्पन्न आटले, तरुण शहरांकडे गेले, घरे ढासळू लागली. १९६८च्या सुमारास तेथे जुन्या घरांची डागडुजी सुरू झाली आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी एकत्र येऊन तीन बंधने स्वतःवर घालून घेतली : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. शासनाने त्या वसाहतीला संरक्षित दर्जा दिला तो नंतर, १९७६ मध्ये. गावातल्या मुख्य गल्लीत दिवसा मोटारींना मज्जाव आहे. पाहुण्याला जी शांतता विनासायास लाभल्यासारखी वाटते, तिच्यामागे गावाने पन्नासहून अधिक वर्षे सांभाळलेला हा करार असतो.

येथे कोणी म्हणेल, ती जपानी माणसाची वृत्ती, आपल्याला ते जमायचे नाही. हा न्यूनगंड मला मान्य नाही. शिराकावा-गो या दुसऱ्या जपानी गावात, नमस्कारासाठी जोडलेल्या तळहातांसारख्या उतरत्या गवती छपरांची घरे आहेत. ते छप्पर बदलण्याचे काम एका घराच्या आवाक्यातले नसते. सारे गाव एकमेकांकडे राबते. या पद्धतीला ते 'युई' म्हणतात, आणि तिचे वर्णन वाचून आपण थक्क होतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी समाजात 'पडकई' नावाची रीत आहे. डोंगरउतारावर दगडांच्या ताली रचून भाताचे खाचर तयार करायचे, ते सगळ्यांनी मिळून. आज तुझे, उद्या माझे. पावसाळ्यात ज्या हिरव्या पायऱ्यांची छायाचित्रे आपण मोठ्या हौसेने काढतो, त्या निसर्गाने केलेल्या नाहीत. त्या पडकईच्या आहेत. डोळ्यांसमोरची गोष्ट ओळखायला आपल्याला जपानी शब्दाची गरज पडावी, हे मात्र खरे दुखणे आहे.

शांततेविषयीही थोडे स्पष्ट बोलायला हवे. शहरी माणसाला जी शांतता हवीहवीशी वाटते, ती पुष्कळदा गावाची अडचण असते. संध्याकाळनंतर एस.टी. नाही म्हणून रस्ता शांत; पोरे मुंबईला गेली म्हणून घर शांत. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील माणसे किती, हे सर्वांना ठाऊक आहे. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी पूर्वेच्या बागायतीकडे, नारायणगावच्या बाजूला उतरतात. जपानच्या डोंगरी भागांतही तरुण निघून गेल्याने ओस पडलेल्या घरांचा प्रश्न बिकट झाला आहे. ही शांतता कौतुकाची नव्हे. ज्या गावात मुले खेळतात, चूल पेटते आणि तरीही पाहुण्याला पाखरांचा आवाज ऐकू येतो, ते गाव आपल्याला हवे आहे. तेथे चार घरांना पाहुण्यांपासून उत्पन्न मिळाले तर आनंदच आहे. डोंगर पाहण्यासाठी घाटाच्या तोंडाशी गर्दी करण्याऐवजी एखाद्या घरी मुक्काम करावा, तांदळाची भाकरी खावी, त्याचे योग्य मोल द्यावे, यात कमीपणा कोणालाच नाही.

पण आज काय चालले आहे? पावसाळी शनिवार-रविवारी माळशेजच्या वाटेवर वाहनांची रांग, कर्णकर्कश गाणी आणि दुसऱ्या दिवशी खाचरांत सापडणाऱ्या काचा. अनवाणी पायाने आवणी करणाऱ्या बाईला ती काच लागते, तेव्हा ती फेकणारा आपल्या कचेरीत पोहोचलेला असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका कुटुंबातील माणसे वाहून गेली. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने जुन्नर-आंबेगावसह अनेक तालुक्यांतील धोक्याच्या पर्यटनस्थळांवर महिनाभर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. जमावबंदीच्या मार्गाने निसर्गदर्शन घडवावे लागते, ही कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी अवस्था नाही. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि जुलै २०२५ मध्ये शिवनेरी अन्य अकरा दुर्गांसह जागतिक वारसा यादीत गेली. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. पण त्यामुळे येणारी गर्दी वाढणार हेही उघड आहे. शिराकावा-गोसारख्या सुमारे सोळाशे वस्तीच्या गावात २०१९ साली सतरा लाखांच्या घरात प्रवासी आले. तेथील हिवाळी दीपोत्सवाला त्याच वर्षापासून आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश मिळेनासा झाला. पाहुण्याला 'आज नको, पुढच्या आठवड्यात या' असे नम्रपणे सांगता येते, त्याने आतिथ्य उणावत नाही.

या भूमीला परका प्रवासी नवा नाही. नाणेघाट चढून येणारा व्यापारी मार्ग सातवाहनांच्या काळात गजबजलेला होता. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेच्या यज्ञदानांची नोंद कोरलेली आहे आणि जवळच दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून परंपरा सांगते तो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणी कोरली गेली, त्यांतील शिलालेखांत दात्यांची नावे येतात. तीन दाते स्वतःला यवन म्हणवतात. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्या. चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या तिसऱ्याचे दान लेण्याच्या दर्शनी भागाचे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक. मुळात कोठले, किती पिढ्यांपासून येथे राहिलेले, याची चर्चा विद्वानांनी करावी. मला एवढेच दिसते की या मातीत आलेल्या माणसाला येथे कशाची वाण आहे ते कळले होते, आणि त्याने पाणी दिले.

आजही वाण पाण्याचीच आहे. आषाढात ज्या कड्यांवरून प्रपात कोसळतात, त्यांच्या माथ्यावरच्या वाड्या-पाड्यांना वैशाखात हंड्यासाठी वणवण करावी लागते. पाऊस उदंड, पण तो खडकावरून वाहून जातो आणि खालच्या धरणांत साठतो. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पातली धरणे याच डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. डिंभ्याच्या जलाशयात तर ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगावच बुडाले. ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांचेच माथे कोरडे. पाहुण्यांच्या वाहनांकडून गावाने शुल्क घ्यावे आणि त्यातून जुनी टाकी उपसावीत, झरे बांधून घ्यावेत, हे मागणे फार मोठे नाही. वर्षासहलीला निघणाऱ्या आपल्या कुटुंबांनीही एखाद्या वर्षी धबधब्याऐवजी उन्हाळ्यात जाऊन चार दिवस टाक्यातला गाळ काढावा. मुलांना डोंगर त्यातून अधिक कळेल.

जमिनीचा प्रश्न याहून निकडीचा आहे. डोंगर दिसतो त्या शेताला शेतीच्या हिशेबापलीकडचा भाव येतो आणि कर्जात अडकलेला शेतकरी तो नाकारू शकत नाही. आदिवासींच्या जमिनीला महसूल कायद्याचे संरक्षण आहे. पश्चिम पट्ट्यातील अनुसूचित गावांच्या ग्रामसभांना १९९६च्या पेसा कायद्याने अधिकारही दिले आहेत. पण रस्त्याकाठच्या बिगर-आदिवासी शेतकऱ्याला असे कवच नाही. तेथे त्सुमागोचाच मार्ग उरतो. काय विकायचे नाही, हे गावाने आधी आपसात ठरवायचे, आणि ज्याची निकड असेल त्याची जमीन गावातच राहील अशी सोय पतसंस्थेने करायची. नुसते ठराव करून अडलेल्या माणसाला बांधून ठेवणे हा अन्यायच होईल.

माळशेजची गर्दी जूनच्या सरींबरोबर सुरू होते. त्याआधी १ मेची ग्रामसभा येते. यात्रा-जत्रा, लग्नसराई आणि सुटीमुळे मुंबईकर मंडळीही त्या सुमारास गावी असतात. घराच्या चाव्या त्यांच्याकडे आणि सातबाऱ्यावर नावेही त्यांचीच. वाहने कोठे थांबतील, मुक्कामाला कोणती घरे उघडतील, शुल्क किती आणि कोणत्या टाक्यासाठी, एवढे चार प्रश्न त्या दिवशी विषयपत्रिकेवर यावेत.