वाचलेला तास कोणाचा?

श्रमाच्या बचतीचा विचार आपण कारखान्यापुरता करतो. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी तो थबकतो. घरच्यांसाठी विनामोबदला रांधणे राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरले जात नाही आणि म्हणूनच त्यात जाणारा वेळ कोणास खर्च वाटत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे खर्ची पडतात, पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे अनुक्रमे २९९ व ९७ होते.

वेळ वाचविण्याच्या युक्त्या आपल्याकडे नाहीत असे नव्हे. कुकरमध्ये वाफेच्या दाबाने पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. त्यामुळे खाली डाळ, वर भात आणि त्यावर बटाटे एकाच आचेवर शिजतात. पहिली शिट्टी होताच आच मंद केली तर इंधनही वाचते. हरभरे, राजमा रात्रीच भिजत घालावेत. चिंच वा आमसूल डाळ शिजल्यावरच घालावे. आंबटामुळे ती लवकर मऊ होत नाही. कांदा-खोबऱ्याचे वाटण दोन दिवसांचे एकदम करून फ्रीजमध्ये ठेवले, तर घाईतल्या आमटीलाही चव येते.

तथापि खरा प्रश्न पुढेच आहे. कोळशाचा वापर काटकसरीने होऊ लागला की त्याचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो, असे जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये प्रतिपादन केले होते. गृहिणीच्या वेळेचेही तेच झाले आहे. मिक्सरने पाटा-वरवंट्यापासून सुटका केली. पण सकाळची भाजी रात्री चालत नाही आणि पोळी तव्यावरून थेट ताटातच पडावी लागते. यंत्राने दिलेला वेळ आपल्या अपेक्षांनी परत घेतला.

यावर उपाय अवघड नाही. पोळ्या आधी करून डब्यात ठेवाव्यात आणि सर्वांनी एकत्र जेवावयास बसावे. कडधान्य भिजविणे, कुकर लावणे यांस जन्मजात कौशल्य लागत नाही. ही कामे पुरुषांनी व मोठ्या मुलांनी अंगावर घ्यावीत. कारखान्यातील बचतीचा वाटा कामगाराने मागितला तर आपण तो न्याय्य मानतो. मग स्वयंपाकघरात वाचलेला तास, तो वाचनात जावो वा निवांत बसण्यात, जिने वाचविला तिच्याच हाती राहिला पाहिजे.