घड्याळ सांगते, तोफ किती दूर



फौजेत जाऊन आलेल्या माणसाच्या घरी एखादी जुनी ट्रंक असतेच. तिच्यात पदके, बटणे, चामडी पट्टा, आणि तळाशी कधीकधी घड्याळासारखी दिसणारी एक वस्तू सापडते. भंगाराच्या दुकानातही अशा चिजा येतात. चावी दिली की टिकटिकते. पण तबकडीवर बारा आकडे नाहीत, तासकाटा नाही. एकच लांब काटा आणि कुठे दहापर्यंत, कुठे वीसपर्यंत आकडे. पोरे विचारतात, "हे कसले घड्याळ?" मोठ्यांनाही उत्तर सुचत नाही.

अशी वस्तू ओळखायची एक साधी रीत आहे. आपले रोजचे सेकंदकाट्याचे घड्याळ तिच्या शेजारी ठेवा. वरची कळ दाबून काटा सोडा आणि तो शून्यापासून दहाच्या आकड्यापर्यंत जायला किती सेकंद लागतात ते पाहा. तीस सेकंदांच्या आसपास लागले, तर ओळख पटली. हे तोफखान्याचे अंतर मोजायचे घड्याळ. त्यावरचे आकडे किलोमीटरचे आहेत.

आता वेळेच्या काट्याने अंतर कसे मोजायचे? वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, हे आपण जन्मापासून पाहतो. उजेड क्षणात पोचतो. आवाज मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद आणि मैलाला पाच. दोन मैलांचा कोस धरला तर कोसाला दहा सेकंद. तोफेचेही तसेच. टेहळणीवरचा शिपाई शत्रूच्या तोफेचा जाळ दिसताच कळ दाबी आणि आवाज कानी येताच पुन्हा दाबी. काटा जिथे थांबला, तिथला आकडा म्हणजे तोफेचे अंतर. गुणाकार-भागाकाराची खटपट नको म्हणून तबकडीवर सेकंदांऐवजी थेट अंतरच छापलेले असे.

इंग्रजी फौजेच्या वस्तूंवर मागच्या बाजूला बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची सरकारी खूण असते. त्यांची मोजणी वारांत असे. तिथे हजार वारांना पावणेतीन सेकंदांच्या आसपास लागतात. आरमाराचे घड्याळ असेल तर हिशेब आणखी वेगळा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, आणि पाणबुडीचा माग काढताना तो जाऊन आपटून परत यावा लागतो. म्हणून तिथे हजार वारांना जेमतेम सव्वा सेकंद. आकडा आणि सेकंद यांचा मेळ घातला की वस्तू आपले काम आपणच सांगते.

या मोजणीत खाचखळगेही होते. गार हवेत आवाज मंद चालतो, उन्हाळ्यात थोडा जलद. वाऱ्यानेही फरक पडतो. शिवाय मोठ्या तोफेचा गोळा आवाजापेक्षा वेगाने येतो, तेव्हा आधी त्याचा कडाका ऐकू येतो आणि तोफेचा खोल दणका मागून येतो. कडाक्यावर कळ दाबली तर अंतर चुकते. आणि तोफ टेकडीआड असली तर जाळच दिसत नाही. मग काय करायचे?

हे कोडे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लॉरेन्स ब्रॅग या तरुण शास्त्रज्ञाकडे आले. १९१५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याला वडिलांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या लढाईत कामी आला. ब्रॅगने आघाडीमागे ठरावीक अंतरांवर ध्वनिग्राहक मांडले आणि प्रत्येकाकडे आवाज किती उशिरा पोचतो त्यावरून तोफेची जागा काढायचे ठरवले. पण गोळ्याचा कडाका आणि तोफेचा दणका यांत यंत्राचा घोटाळा होई. वाट सापडली ती शौचकूपात! बंद खोली, बाहेरची हवा यायला बैठकीखालचे भोक तेवढेच. दूरची तोफ उडाली की खालून हवेचा धक्का येई आणि माणूस किंचित उचलला जाई. कानाला नीट न कळणारा तो खोल दणका हवा मात्र हलवत होता. त्याच्या तुकडीतल्या टकर नावाच्या सहकाऱ्याने मग तापलेल्या बारीक तारेचा ध्वनिग्राहक केला. हवेच्या झुळकेने तार निवे आणि नेमकी नोंद होई. १९१६ पासून ही युक्ती कामी आली.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

पहिली. पितळेची, शंकूच्या आकाराची, कडेने बारीक आकड्यांची फिरती कडी असलेली आणि खाली आटे असलेली वस्तू दिसली, तर ते घड्याळ नव्हे. त्यात काच नसते, काटा नसतो. ते तोफगोळ्याचे टोक असू शकते. इतक्या सेकंदांनी फुटायचे, असे त्या कडीवर लावून गोळा सोडत. जुने झाले म्हणून ते निकामी झाले असे धरू नका. तोफांच्या सरावाच्या मैदानाजवळच्या गावांनी तर विशेष जपावे. हात लावू नका, पितळेच्या मोहाने ठोकू नका. दूर व्हा, पोरांना दूर ठेवा आणि पोलिसांना ११२ वर कळवा.

दुसरी. गाडीला लावतो त्या चमकत्या पट्टीला आपण रेडियम म्हणतो, पण तिच्यात रेडियम नसते. जुन्या लष्करी घड्याळांच्या आकड्यांवरच्या रंगात मात्र खरे रेडियम असे. आता तो रंग अंधारात चमकत नसला तरी रेडियम तसेच असते. ते निम्मे व्हायलाच १,६०० वर्षे लागतात. तेव्हा असे घड्याळ उघडू नका, रंग खरवडू नका, पोरांना खेळायला देऊ नका.

तोफखान्याची ही मोजणी शेतकऱ्यालाही उपयोगी आहे. तिच्यासाठी घड्याळ विकत घ्यायला नको. वळिवाचे ढग भरून आले, वीज चमकली, की एक-दोन-तीन असे सावकाश मोजा. गडगडाट तिसाच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत पडली. पुढच्या वेळी आकडा कमी भरला तर वादळ तुमच्याकडेच सरकते आहे. मात्र आकडा मोठा आला म्हणून बांधावर रेंगाळू नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. औत सोडा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲपही विजेची सूचना मोबाईलवर देते. ते घरातल्या एकाच्या तरी फोनवर असू द्या.

मोजणी मुलांनाही शिकवा. जनावरांमागे रानात तीच असतात.